ऋण प्रबलन, उदाहरणासह

फ्रिजच्या दारावर, गॅसदुरुस्तीवाल्याचा नंबर आणि दातांच्या डॉक्टरची तारीख यांच्या मधोमध, एका लाल चुंबकाखाली ताईचा फोटो अडकवलेला होता. फोटोतली ताई पकडल्या गेलेल्या माणसासारखी सरळ समोर बघत होती. तो दूध काढायला उठला होता. शनिवारी सकाळी ताईकडे आलं की चहाचं दूध त्याने काढायचं, अशी बावीस वर्षांची वहिवाट होती. फोटोखाली छापलं होतं की परीक्षा सोमवारी सकाळी अकराला आहे, प्रश्न पन्नास आहेत आणि विषय मानसशास्त्र परिचय हा आहे. त्याच्याही खाली कुणीतरी निळ्या शाईत हाताने लिहिलं होतं : प्रयत्न तिसरा, अंतिम. त्याने ते वाचलं. मग दार उघडलं, दूध काढलं, दार लावलं आणि पुन्हा वाचलं. दार उघडून लावल्याने त्यावरचा मजकूर बदलत नाही हे एकवीस वर्षं मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला माहीत असायला हरकत नव्हती, पण माहीत असणं आणि दार न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तो एकवीस वर्षं शिकवत आला होता.

सोमवारच्या त्या पन्नास प्रश्नांचा जनक तोच होता. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः, आणि दुसरे परीक्षा नियंत्रक, ज्यांना सगळा स्टाफ मागून 'कुलूप' म्हणायचा आणि ज्यांना ते कौतुक वाटायचं. पेपर काढणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. गुप्ततेच्या कागदावर सही घेताना आणखी एक कागद पुढे सरकवतात, ज्यावर लिहिलेलं असतं की माझा कोणताही जवळचा नातेवाईक या परीक्षेला बसलेला नाही. तो कागद त्याने यंदाही वाचला नव्हता. वाचण्यासारखं काही नव्हतंच. बायको बँकेत, मुलगी परगावी, सासरे अंथरुणात, आणि ताई? ताईने दहावीनंतर जे पुस्तक मिटलं ते मिटलंच, असं तो गृहीत धरून होता. गृहीत धरणं हा तर त्याचा आवडता धडा. गेल्या दोन वर्षांचे पेपरही त्याचेच होते. म्हणजे हा प्रयत्न तिसरा असेल, तर आधीच्या दोन खेपांना त्याने सख्ख्या बहिणीला नापास केलं होतं, आणि तेही कमालीच्या निःपक्षपातीपणाने.

"सापडलं का?" बाहेरून ताईचा आवाज आला.

"दूध?"

"दूध कशाला हरवेल? तिकीट म्हणतेय मी, परीक्षेचं. तुला दिसेल असं मुद्दाम लावलंय. तोंडाने सांगायची लाज वाटत होती."

दुधाची पिशवी हातात घेऊन तो बाहेर आला. ताई टेबलाशी बसली होती. बासष्टाव्या वर्षी तिचा चष्मा नाकाच्या अगदी टोकाशी आला होता आणि तिथून त्याला कुणीही मागे ढकलू शकत नव्हतं. समोर पुस्तक. पुस्तकात कागदी चिठ्ठ्यांचं जंगल. प्रत्येक चिठ्ठीला दोरा बांधलेला, जसा ती सदतीस वर्षं छत्र्यांना आणि पिशव्यांना बांधत आली होती. ताई बस कंपनीच्या हरवल्या-सापडल्याच्या ऑफिसात होती. बसमध्ये राहिलेली प्रत्येक वस्तू संध्याकाळी तिच्या काउंटरवर यायची. ती त्यावर दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, तारीख, गाडी नंबर, कुठल्या बाकाखाली, आणि वस्तू फळीवर चढायची. नव्वद दिवस कुणी आलं नाही तर उतरायची. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने तिला भेट म्हणून एक छत्री दिली होती. कुणाला विनोद वाटला नव्हता.

"दोनदा आपटलेय," ती म्हणाली. "पहिल्यांदा सतरा, दुसऱ्यांदा एकोणीस. विसाला पास. पास झाल्यावर सांगणार होते, प्रोफेसरची बहीण म्हणून मिरवणार होते. आता हा शेवटचा. यात गेले की नियमाने दार बंद."

"पण कशासाठी, ताई?"

"हरवलेल्या माणसांचा कक्ष आहे ना, मोठ्या हॉस्पिटलशेजारी. ज्यांच्या घरातलं कुणी निघून गेलंय, त्यांच्याशी बोलायला, माहिती लिहून घ्यायला बसतात तिथे. स्वयंसेवक पाहिजेत. मी गेले. म्हटलं, सदतीस वर्षांचा अनुभव आहे. तर ती पोरगी म्हणते, आजी, वस्तूंचा. माणसांसाठी सर्टिफिकेट लागतं, हा पेपर पास पाहिजे." ताईने पुस्तकावर थाप मारली. "आजी म्हणाली मला! तेवढ्यासाठी तरी पास व्हायचंय."

तो बसला. दूध टेबलावर ठेवलं. ते फ्रिजमधून कशासाठी काढलं होतं हे दोघंही विसरले.

"आणि एक सांगते," ताई पुढे झुकून म्हणाली, "पेपर काढणारा जो कोण मेला आहे ना, त्याला एकदा माझ्या काउंटरसमोर उभा करायला हवा. चार उत्तरं देतो, चारही बरोबर वाटतात. साधं विचारायला काय धाड भरते? त्याच्या घरात आई-बहीण नसणार."

"असेलही," तो म्हणाला.

"मग तिच्याशी बोलत नसेल."

दर शनिवारी दोन तास तो इथे येऊन बसायचा, चहा प्यायचा, बल्ब बदलायचा, रेग्युलेटर घट्ट करायचा, औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा बघायचा. बोलायचा काय? 'बरं आहे ना? काही हवंय का?' निघताना जिना उतरताना छातीवरचं काहीतरी हलकं व्हायचं आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत तो शीळ घालायला लागायचा. पुढच्या गुरुवारपर्यंत ते पुन्हा साठायचं. हे बावीस वर्षं चाललं होतं आणि याला काय म्हणतात हे त्याला नेमकं ठाऊक होतं, वर्गात तो फळ्यावर आकृती काढून सांगायचा, फक्त आकृतीत ताई नसायची, एक उंदीर असायचा. उंदराच्या पायाखालच्या जाळीतून बारीक वीज वाहते. दांडी दाबली की वीज थांबते. मग उंदीर दांडी दाबायला शिकतो. त्याची दांडी शनिवारी असायची.

वीज कुठून येत होती, तेही त्याला ठाऊक होतं. वडील बसचे ड्रायव्हर, ते आधी गेले. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई सतराची. वडिलांच्या जागी म्हणून कंपनीने ताईला घेतलं आणि अडगळीत टाकावं तशी त्या ऑफिसात टाकली, आणि ताईने धाकट्या भावाला सोबत नेऊन काउंटरखाली बसवलं. तिथून त्याला माणसांचे फक्त पाय दिसायचे. घाईचे पाय, लाजलेले पाय, एकच बूट घातलेले पाय. पण वीज तिथून येत नव्हती. ती यायची रविवारच्या दुपारींतून. रविवारी आत्या स्थळ घेऊन यायची. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसायचे, कपबशा वाजायच्या, आणि मग ताई त्याला आतून बोलवून घ्यायची. तो दारात उभा राहायचा. नाक वाहत असायचं. चड्डीला मागे ठिगळ, पुढे भोक. ताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, हा माझा धाकटा भाऊ, हा माझ्याबरोबरच येणार. पाहुणे त्याच्याकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे, मग कपांकडे बघायचे. मग जायचे. चार वर्षांत सात वेळा तो असा दारात उभा राहिला होता. सातव्याचा चेहरा त्याला अजून आठवत होता. गोरा, घड्याळदुरुस्तीवाला, बोटं बारीक. त्याने निघताना या वाहत्या नाकाच्या पोराच्या केसांवरून हात फिरवला होता. त्या हातात कीव होती, आणि पोराला कळलं होतं की माझ्यामुळे ताई राहिली. त्यानंतर कुणी आलं नाही. पुढे पदवी झाली, नोकरी, लग्न, घर, आणि प्रत्येक वळणावर तो मागे वळून बघायचा तेव्हा ताई काउंटरमागे बसलेली असायची आणि कुणाच्या तरी छत्रीला दोरा बांधत असायची.

"विचार," ताई म्हणाली.

"काय?"

"प्रश्न. मास्तर आहेस ना? जगाच्या पोरांना विचारतोस. मला विचार."

त्याने पुस्तक हातात घेतलं, आणि तेव्हा त्याला अडचण नीट कळली. परिचयाच्या त्या पुस्तकात विचारण्यासारखं जे जे होतं ते त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. तो मेहनतीने पेपर काढायचा. एकही धडा सुटू नये, एकही महत्त्वाची संज्ञा राहू नये. आता तोच अभिमान मांडी ठोकून समोर बसला होता. जे पान उघडावं तिथे सोमवार. अवधान म्हणावं तर प्रश्न सहावा. स्मृती म्हणावी तर अकरा ते पंधरा. लाळ गाळणारा तो जगप्रसिद्ध कुत्रा तर दोन प्रश्नांना पुरला होता. तो पानं उलटत राहिला, आणि शेवटी त्याला एक तळटीप सापडली.

"पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा ज्या इमारतीत होती, तिला मजले किती होते?"

ताईने चष्म्यावरून बघितलं.

"हे परीक्षेला येतं?"

"येऊ शकतं."

"मजले?"

"बरं, दुसरं. या पुस्तकाची सुधारित आवृत्ती कितवी?"

"हे बघ," ताई म्हणाली, "मला सर्दी झालीय का? नाही ना? मग काढा का पाजतोयस? नीट विचार. नाहीतर राहू दे, मीच सांगते आणि तू ऐक. हे बघ, स्मृती. पुस्तक म्हणतं, आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. आता हे कुणी मला सांगायची गरज आहे? माणूस यायचा, म्हणायचा, छत्री हरवली. मी म्हणायचे, कशी होती? काळी. मूठ? मूठ... मुठीसारखी. स्वतःची छत्री, दहा वर्षं वापरलेली, सांगता यायची नाही. आणि फळीवरच्या चाळीस काळ्या छत्र्या दाखवल्या की लांबून बोट दाखवायचा, ती! तीच निघायची. आतल्या काडीला त्याच्या हातची गाठ असायची."

"बरोबर," तो म्हणाला. प्रश्न बारावा.

"मग पेपरात का चुकलं माझं?"

कारण प्रश्नात मी छत्री घातली नव्हती, तो मनात म्हणाला. निरर्थक अक्षरांची यादी घातली होती.

"आणि ते दुसरं, आपला दोष दुसऱ्यावर लादणं. एक बाई रोज यायची. म्हणायची, तुमचे कंडक्टर चोर आहेत, माझं पाकीट मारलं. तीन आठवडे. मग कळलं, तिच्या नवऱ्याला तिनेच घरातून..." ताई थांबली. "जाऊ दे. तिचं गुपित आहे. पण पाकीट तिच्याच पिशवीत होतं."

ती सांगत राहिली आणि तो ऐकत राहिला. तिच्या तोंडून ते सगळं पुस्तक चालत येत होतं, पण पुस्तकाच्या कपड्यांत नव्हे, बसमधून उतरलेल्या माणसांच्या कपड्यांत. कुणाचा डबा राहिलेला, कुणाची कवळी. कवळी विसरून कोण उतरतं? ताईच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाला सरासरी तीन माणसं. एकवीस वर्षांत त्याच्या वर्गात इतकी जिती उदाहरणं कधी आली नव्हती. आणि हिला एकोणीस मिळाले होते. खरं तर मी दिले होते, तो म्हणाला. मनात. मनात म्हणण्याची त्याला चांगली सवय होती.

"आणि आता हे," ताईने दोरा ओढून एक पान उघडलं. "यात माझं पक्कं आहे. दोन्ही वेळा आलं होतं. ऋण प्रबलन."

त्याचा हात दुधाच्या पिशवीवर होता. पिशवी कोमट झाली होती. प्रश्न तेविसावा.

"प्रबलन म्हणजे एखादं वागणं पक्कं होत जाणं, बरोबर? आणि ऋण म्हणजे ऋण. कुणीतरी आपल्यासाठी काही केलेलं असतं, ते आपल्यावर असतं, आणि त्या उपकारापोटी आपण नीट वागत राहतो, ते वागणं पक्कं होतं. ते ऋण प्रबलन. दोन्ही वेळा पर्याय अ होता. डोळे मिटून लिहिला."

पर्याय अ त्यानेच घडवला होता. 'उपकाराच्या भावनेतून दृढ होणारे वर्तन.' किती सुबक होता तो! ऋण म्हणजे इथे फक्त वजा. एखादी त्रासदायक गोष्ट वजा झाली, आणि ती वजा होते म्हणून वागणं वाढलं, एवढाच अर्थ. वीज थांबते म्हणून उंदीर दांडी दाबतो, एवढंच. पण दर वर्षी दहातली चार पोरं ऋण शब्दाला आपल्या घरचा अर्थ लावायची, आणि त्यांच्यासाठी त्याने तो खड्डा खणून वर पालापाचोळा पसरला होता. दर वर्षी जपून तोच पर्याय, तीच अक्षरं. कुलूपसाहेबांनी एकदा त्याचं कौतुकही केलं होतं, "सर, तुमचा हा अ फार गोड आहे, पोरं बरोब्बर फसतात." दहातल्या त्या चारांत एक ताई होती. आणि गेल्या खेपेला तिला कमी पडला होता तो एकच गुण.

एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ताई, तसं नाही, ऋण म्हणजे वजा. कुणाला कळलं असतं? भाऊ बहिणीला शिकवतो यात गैर काय? पंचेचाळीस वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते हेच नव्हतं का, की ताईला कधीतरी असं काही लागावं जे फक्त आपल्याकडे आहे? जीभ वळलीही होती. पण त्याच क्षणी त्याला आत्याची छत्री आठवली. आत्या, सख्खी आत्या, जिने वाईट दिवसांत दोघांना सांभाळलं, ती एकदा काउंटरवर आली, माझी छत्री काल बसमध्ये राहिली म्हणाली. काउंटरखालून त्याला आत्याचे सुजलेले पाय दिसत होते. ताईने विचारलं, खूण सांगा. आत्या म्हणाली, अगं मी आत्या! ताई म्हणाली, ते मला दिसतंय, छत्रीची खूण सांगा. आत्याला सांगता आली नाही. छत्री मागच्या फळीवर होती, ताईला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, काउंटरखालच्या पोरालासुद्धा माहीत होतं. आत्या छत्रीशिवाय घरी गेली आणि दोन महिने बोलली नाही. खुणेशिवाय काहीही या बाईने जन्मात कुणाला दिलं नव्हतं. खुणेशिवाय मिळालेला गुण ती घेईल?

"गप्प का?" ताई म्हणाली. "चूक आहे का?"

"उदाहरण दे," तो म्हणाला. वेळ काढायला. वर्गात काही सुचलं नाही की तो हेच म्हणायचा.

"देते की. तूच."

"मी?"

"तुझंच ऋण आहे ना माझ्यावर." ताईने पान मिटलं, बोट आत ठेवून. "ती स्थळं आठवतात तुला? आत्या आणायची ती? मला एकही नको होतं रे. एकजात. नुसत्या कल्पनेने पोटात गोळा यायचा. नोकरी लागलेली, स्वतःच्या नावाचं टेबल होतं मला, त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला, आणि हे कोण येऊन बिस्किटं खात मला बघतायत! पण नाही कसं म्हणणार? आत्याचं मन. पहिल्याला तू चुकून बाहेर आलास, खेळत. मी म्हटलं, हा माझ्याबरोबर येणार. झालं! माणसं जी उठली, त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पोटातला गोळा गेला. मग काय, दर वेळी तुलाच पुढे करायला लागले. गाड्या थांबवायला लाल झेंडा असतो तसा."

त्याने दुधाची पिशवी बाजूला सारली.

"तुझी ती फाटकी चड्डी मी रविवारसाठी वेगळी ठेवली होती," ताई म्हणाली. "चांगल्या दोन होत्या तुला. त्या लपवायचे. आणि नाक मुद्दाम पुसायचे नाही."

"मुद्दाम?"

"तो घड्याळवाला जरा चिवट होता. म्हणाला, येऊ दे की भाऊ पण. तेव्हा मी आत्याला बाजूला घेऊन, त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, पोराला झोपेत चालायची सवय आहे, हातात काय येईल ते घेऊन चालतो. तेव्हा गेला. जाताना तुझ्या डोक्यावर हात फिरवला त्याने, आठवतं? घाबरला होता बिचारा." आणि ताई हसायला लागली. खांदे हलवत, आवाज न करता, चष्मा शेवटी एकदाचा नाकावरून पडेपर्यंत. "तू नसतास तर मी आज घड्याळांच्या दुकानात वरच्या मजल्यावर असते. तुझे उपकार आहेत बाबा. म्हणून तर तुझं सगळं नीट केलं मी. ऋण प्रबलन."

तो उठला आणि उगाच खिडकीशी गेला. समोरच्या इमारतीत एक माणूस उशा उन्हात टाकत होता, एकेक उशी उलटसुलट थोपटून. त्याला वाटलं आपल्याला राग येईल. सात रविवार, दारात सात वेळा उभं राहणं, पंचेचाळीस वर्षांची वीज, आणि जाळीला तार जोडलेलीच नव्हती! राग शोधला, तर जागेवर नव्हता. त्या जागी दुसरंच काही होतं, त्याला नाव द्यायला तो दोनदा धडपडला आणि दोन्ही वेळा संज्ञा हातातून सुटली. हसू यायला लागलं. ताईची व्याख्या साफ चुकली होती, पण उदाहरण? पोटातला गोळा, भाऊ पुढे, गोळा वजा, आणि म्हणून भाऊ पुन्हा पुढे. वर्गातल्या उंदरापेक्षा शंभर पट नेमकं. एकवीस वर्षांत एवढं चोख उदाहरण ना पुस्तकात आलं होतं ना कुठल्या उत्तरपत्रिकेत, आणि त्या उदाहरणात तो स्वतः उंदीर नव्हता. तो दांडी होता.

मघाची जिभेवरची घाईही गेली होती. काही फेडायचंच नव्हतं. मग चोरून एक वाक्य कशाला द्यायचं? उरली होती ती एवढीच साधी इच्छा, की ही बाई त्या हॉस्पिटलशेजारच्या टेबलाशी बसावी, आणि खूण सांगून बसावी. "आलो," तो म्हणाला, आणि जिन्यात जाऊन त्याने कुलूपसाहेबांना फोन लावला.

"सर, माझी बहीण सोमवारी बसतेय."

"सख्खी?"

"सख्खी."

"आज आठवली?"

"आज कळलं. आणि आधीच्या दोन्ही वर्षी बसली होती. मी सह्या केल्यात."

"दोन्ही वर्षी?" कागद चाळल्याचा आवाज. "पास?"

"नापास. दोन्हीदा."

कुलूपसाहेबांनी उसासा टाकला. "माझी पंचाईत करता तुम्ही. चौकशीच्या फॉर्मात रकाना आहे, नातेवाइकाला झालेला फायदा. तोट्याला रकाना नाही." मग आवाज खाली आला. "राखीव संच काढावा लागेल. दुसऱ्या सरांचा. आणि तुमचं नाव यादीतून जाईल. कायमचं. लेखी द्या सोमवारी."

"आणि माझे प्रश्न?"

"त्यांचं काय करायचं ते करा. आता ते प्रश्न राहिले नाहीत, रद्दी झाली." आणि फोन ठेवता ठेवता, "तो अ मात्र गोड होता हो."

आत येऊन त्याने सांगितलं. सगळं, एका दमात, उभ्याने. ताई ऐकत होती. चिठ्ठी बांधण्याआधी वस्तू वळवून बघावी तशी त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे तो मेला तू."

"हो."

"आणि आता यादीतून गेलास."

"हो."

"शहाणा की खुळा?" ती म्हणाली. मग चष्मा धुतला, पदराच्या टोकाने पुसला, खुर्ची पुढे ओढली. "आण तुझे पन्नास. बघू तरी काय एवढं काढलं होतंस."

मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली, आणि जिथे ती अडली तिथे त्याने कुत्रा आणि उंदीर बाजूला ठेवून छत्र्या, कवळ्या, पाकिटं आणली, आणि निरर्थक अक्षरांच्या यादीला दोघांनी मिळून यथेच्छ शिव्या दिल्या. तेविसाव्याला तो म्हणाला की ताई, ऋण म्हणजे इथे वजा. तिने दोरा ओढून ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "पुस्तकाला वजाच लिहीन. पण शब्द चुकीचा निवडलाय तुमच्या लोकांनी. एवढा चांगला शब्द वजाला वापरतात का कुणी?" पन्नासांतले पंचेचाळीस आले. चहा अर्थात झालाच नाही. दूध नासलं.

सोमवारी त्याने रजा टाकली. लेखी द्यायला दुपारी गेलं तरी चालणार होतं. परीक्षेच्या इमारतीसमोर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीशेजारी तो अकरापासून उभा होता, आणि किल्लीवाल्याने दोनदा विचारलं, साहेब, काय बनवायचंय? आज शनिवार नव्हता. छातीवर काही साठलेलं नव्हतं, हलकं करायचं काही नव्हतं. पुस्तकाच्या हिशोबाने त्याला इथे यायला एकही कारण नव्हतं, आणि तो आला होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं. उन्हात उभं राहून त्याने हा मुद्दा पुढेमागे तपासून बघितला आणि सोडून दिला.

ताई बाराला दहा कमी असताना बाहेर आली. सगळ्यांत आधी.

"कसा गेला?"

"तुझ्यापेक्षा हा माणूस बरा आहे. सरळ विचारतो, खड्डे खणत नाही. चौतीस तर मोजून बरोबर आहेत." तिने बोटं दाखवली, कशाच्या आधारे ते कळलं नाही. "स्वप्नांवरचे दोन सोडले. मला स्वप्नं पडत नाहीत, मी काय सांगणार? चल, भूक लागलीय."

ते चालायला लागले. तिच्या चालण्याची गती अजून शेवटची बस पकडणाऱ्या माणसाची होती. आभार मानावेत असं त्याला दोन दिवस वाटत होतं, पण आभार म्हटलं की समोर माइक आणि शेजारी हार येतो, धन्यवाद तर बँकेच्या मशीनवर येतात, आणि उपकार हा शब्द तिने आधीच वापरून टाकला होता. कोपऱ्यावर सिग्नल लाल झाला. ते थांबले.

"ताई," तो म्हणाला, "मला मजा आली गं. लहानपणी. तिथे, काउंटरखाली."

तिने मान वळवली नाही. समोरच्या दिव्याकडे बघत होती.

"मला काय माहीत नाही?" ती म्हणाली. "हसायचास किती! लोकांचे पाय बघून. वर माणूस रडवेला होऊन सांगतोय, पाकीट गेलं, आणि खालून खिदीखिदी. एकाने तक्रार केली होती. वरून मेमो आला मला. कर्मचारी प्रवाशांच्या अडचणीला हसते, लेखी खुलासा द्या."

"कधी सांगितलं नाहीस!"

"तुला सांगितलं असतं तर तू हसायचा थांबला असतास."

"मग? काय खुलासा दिलास?"

दिवा हिरवा झाला. ताईने रस्त्यावर पाऊल टाकलं.

"लिहून दिलं," ती म्हणाली, "की हसू माझंच आहे."